दशरथजींचे ब्रेक

आमच्या कॉलनीने वर्गणी काढून एक जुनी मिनीबस घेतली, तिला हार घातला, कंदी पेढे वाटले आणि थोड्याच दिवसांत तिला पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं. साताऱ्याबाहेर टेकडीच्या पायथ्याशी आमची कॉलनी आहे आणि एसटी तिथवर येत नाही, म्हणून तर हा खटाटोप केला होता. गाडी ठीक होती. टायरमधली हवा कोणी बघायची यावर मात्र आमच्या बैठकांवर बैठका झाल्या आणि शेवटच्या बैठकीत अध्यक्ष राजीनामा देऊन घरी गेले. चिटणीस मी. माझा राजीनामा घ्यायलाही कोणी उरलं नाही.

माझ्या नणंदबाई, कुसुमवन्सं, नागपुरात पाचपावलीच्या मागच्या एका वस्तीत राहतात आणि शाळेत शिकवतात. त्यांच्या वस्तीचीही अशीच सामाईक मिनीबस आहे आणि ती वर्षानुवर्षं कुरकुर न करता धावते, हे त्या मला प्रत्येक दिवाळीला ऐकवत. या खेपेला मी म्हटलं, बघूनच येते. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. नवरात्र नुकतं बसलं होतं. आगगाडीतल्या हालांचं मी काही सांगत बसत नाही. ते ज्यांनी सोसलेत त्यांना माहीत आहेत, आणि बाकीच्यांनी जाऊन सोसावेत.

पाचपावली, पहिले दिवस

नागपूरचा ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडचा एप्रिल. स्टेशनवर उतरले तेव्हा वन्सं छत्री घेऊन उभ्या होत्या आणि मी शाल पांघरून. "काहून वं वहिनी, हिमालयात चालली का?" हे त्यांचं स्वागताचं पहिलं वाक्य. लग्न होऊन नागपूरला गेलेली ही बाई आमच्या घरची शुद्ध बोली कधीच विसरली आहे. विसरल्याचं दुःख मात्र तिला अजिबात नाही.

वस्तीत अर्धी घरं कोष्ट्यांची, म्हणजे हातमागावर लुगडी विणणाऱ्यांची. उरलेली बहुतेक बौद्ध कुटुंबांची, छप्पन साली शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मैदानावर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. कोणी गिरणीत, कोणी रेल्वेत, कोणी कळमन्याच्या बाजारात हमालीला. बस सगळ्यांची. सकाळी ती गिरणीची माणसं सोडते, मग शाळेची मुलं, दुपारी दवाखान्याला जाणाऱ्या बाया.

आता तिची देखभाल कशी चालते ते सांगते, कारण त्यासाठीच मी गेले होते. लुगडं काही एका माणसाच्या हातून होत नाही. एका घरी सुताच्या कांड्या भरतात, दुसऱ्या घरी उभ्या धाग्यांचा ताणा करतात, तिसरं घर सुताला खळ देतं, आणि मग कुठे चौथ्याच्या मागावर ते चढतं. गाडी आली तेव्हा या लोकांनी तिचीही तशीच वाटणी करून टाकली. हवा एका घराची, पाणी-तेल दुसऱ्याचं, दिवे तिसऱ्याचे, दरवाजा चौथ्याचा. ज्याचा भाग त्याने रोज बघायचा आणि दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही. मोठं काम निघालं तर ड्रायव्हर शालिकराम शेजारी बसून शिकवतो, पण पाना धरायचा तो भागवाल्यानेच.

यात गमतीही कमी नाहीत. हॉर्न ज्यांच्या वाटणीला आला आहे ते कुटुंब पहाटे हॉर्न तपासतं आणि वस्तीला त्यानंतर गजराच्या घड्याळाची गरज पडत नाही. दरवाजाची कडी एका पहिलवानाकडे आहे. तो ती इतक्या मायेने आपटून बघतो की कडी एक दिवस त्याच्याच हातात येईल असं मला वाटत राहिलं. आरसे वन्संकडे आहेत. त्या पुसतात, मागचं दिसतंय ना ते बघतात आणि मग त्यातच कुंकू नीट करतात. "हेबी तपासनंच आहे," असं वर मला सांगतात.

आणि सगळ्यात वेगळी रीत म्हणजे 'सांगणं'. सकाळी गाडी सुटण्याआधी ज्यांच्या भागात काल काही बिघडलं असेल त्यांनी दारात उभं राहून, बसलेल्या लोकांना मोठ्याने सांगायचं: काय बिघडलं, कशामुळे बिघडलं आणि काय केलं. ऐकून ज्याला उतरायचं असेल त्याने उतरावं. रुसायचं नाही आणि हसायचंही नाही. मी साताऱ्याची असल्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं की हा माफीचा कार्यक्रम आहे. आमच्याकडे असं काही असतं तर पहिल्या दिवशी कोर्टात गेलं असतं. इथे एक बाई उभी राहिली, डाव्या बाजूचा दिवा काल काहून विझला ते सांगितलं, लोकांनी माना हलवल्या आणि गाडी निघाली.

ब्रेक होते दशरथजींकडे. साठीचे, किडकिडीत, कोष्टी. त्यांनी मला जेवायला बोलावलं. पुढच्या खोलीत जमिनीत मागाचा खड्डा होता, फळ्यांनी झाकलेला. माग त्यांनी उन्हाळ्यात विकला होता. हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि मुलगा कारखान्यात लागला होता. मागाला पायाखाली पावड्या असतात, विणताना त्या आळीपाळीने दाबायच्या. वस्तीत ब्रेकची जागा रिकामी झाली तेव्हा ती त्यांनी मागून घेतली, कारण गाडीतही ते काम पायानेच दाबायचं आहे. असं कारण ऐकून मी हसले. तेही हसले. पण बोलताना फळीवर त्यांचे पाय आपोआप एकामागून एक हलत होते, ते मी पाहिलं.

त्यांच्या बायकोने पाटवडीचा रस्सा केला होता. मी आधीच जाहीर केलं होतं की आम्ही ठेच्यावर वाढलेली माणसं, आमची काळजी करू नका. त्या बाईने काळजी केली नाही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कानांत आवाज यायला लागला, आणि तिसऱ्याला मी साताऱ्याच्या वतीने शरणागती पत्करून भाकरी नुसत्या दह्याशी खाल्ली. वन्संनी हे सगळं वस्तीभर केलं, अर्थात थोडं मीठमसाला लावून.

नवमी

दसरा इथे दोन तऱ्हांनी येतो. कोष्ट्यांच्या घरी नवमीला हत्यारांची पूजा असते. माग, धोटे, कात्र्या, सगळं धुऊनपुसून, तेल देऊन मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला बोटही लावायचं नाही. बौद्ध घरांसाठी दसरा म्हणजे दीक्षेचा दिवस. त्या दिवशी मैदानावर लांबलांबची माणसं लोटतात. आता गाडी तर दोघांची. तेव्हा अशी तडजोड ठरलेली की नवमीला पूजा होईल, गाडीचा भाग ज्याच्याकडे आहे तो कोष्टी आपल्या भागाला हात लावणार नाही, पण शालिकराम गाडी चालवू शकेल. किल्ली काही हत्यार नाही, हा निकाल कोणी दिला ते मला कळलं नाही, पण तो सोयीचा होता.

या दसऱ्याला शालिकरामचं एक काम होतं. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची आई अंजिराबाई उमरेडला त्याच्या बहिणीकडे राहायची. छप्पन साली ती नवऱ्याबरोबर त्या मैदानावर होती. पुढे गुडघे गेले, एसटीच्या गर्दीत चढणं होईना, आणि दर दसऱ्याला शालिकराम इतरांच्या आया मैदानावर पोचवण्यात गुंतलेला. यंदा तिने निरोप पाठवला होता की नेणार असशील तर याच वर्षी ने, पुढच्या वर्षाचं मी कबूल करत नाही. वस्तीने ठरवलं की दसऱ्याची पहिली फेरी उमरेडची. तांबडं फुटताच निघायचं आणि रस्ते बंद व्हायच्या आत मैदान गाठायचं.

नवमीच्या सकाळी लिंबाखाली गाडी धुऊन उभी होती. झेंडूच्या माळा, चाकांना हळदकुंकू, सगळं यथासांग. दशरथजी नवं धोतर नेसून आले होते. त्यांनी चाकांपुढे नारळ फोडला आणि इतका वेळ हात जोडून उभे राहिले की मागच्यांनी खाकरायला सुरुवात केली.

पूजेनंतर शालिकराम गाडी एक चक्कर फिरवून आणायला निघाला. पाहुणी म्हणून मला पुढे बसवलं, शेजारी वन्सं. गाडी वस्तीच्या कडेने उताराला लागली. शालिकरामने ब्रेक दाबला. मग पुन्हा दाबला. मग तो हळूच म्हणाला, "बाई, दांडी धरा," आणि हँडब्रेक ओढत गाडी सरळ वाळूच्या ढिगात घातली. कोणाचं तरी घर बांधायचं होतं, त्याची वाळू. देव त्यांचं घर शंभर वर्षं उभं ठेवो. आम्हाला लागलं काही नाही. माझा चष्मा वन्संच्या मांडीत गेला आणि वन्सं माझ्या, एवढंच.

लोक धावत आले. शालिकराम खाली वाकून चाकाजवळ बोट फिरवून आला, बोट नाकाशी नेलं आणि दशरथजींकडे बघितलं.

ब्रेक म्हणजे काय, तर चाकाच्या आत एक जाड पट्टी फिरत्या डब्यावर घासते आणि चाक धरून ठेवते. तिने घासावं हेच तिचं काम. पण उभा जन्म मागावर गेलेला माणूस; जिथे लाकूड लाकडावर घासतं तिथे तेल दिलं नाही तर माग रडतो, हे त्याला लहानपणापासून माहीत. अष्टमीला संध्याकाळी पूजेसाठी चाकं काढून पुसताना त्यांना ते कोरडं घासणं दिसलं, आणि त्यांनी सगळ्या चाकांना आतून गोडं तेल दिलं. कंजुषी न करता.

"मले वाटलं, कोरडं घासून राहिलं बिचारं," दशरथजी म्हणाले. "म्हनून देलं."

मी हसले असते. मला हसू आलंही होतं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते तिथेच जिरलं.

मग व्हायचं ते सुरू झालं. कोणी म्हणालं, उमरेडची फेरी रद्द करा. कोणी म्हणालं, उद्या ती म्हातारी आत असती म्हणजे? पहिलवानाने, ज्याच्याकडे कडी होती, सरळच सुचवलं की ब्रेक दुसऱ्या घरी द्यावा. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आता बैठक होईल, मग राजीनामा, मग शेड. दशरथजी स्वतःच पुढे होऊन म्हणाले की ब्रेक काढून घ्या, माझ्या हाती नको.

शालिकराम इतका वेळ हाताचं तेल मातीला पुसत होता. तो उठला. "माही माय उद्या याच गाडीनं येईल जी," तो म्हणाला. "अन् ब्रेक तुमचाच राहील. तेल द्याचं नाही हे मीनं सांगाले पायजे होतं. माह्या ध्यानातच आलं नाही का कोनी देईल."

सदर बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानातून नव्या पट्ट्या आणायला माणूस गेला, कारण तेल प्यायलेल्या पट्ट्या पुसून भागत नाही. आता त्या बसवायच्या कोणी? शालिकराम म्हणाला की आज तुम्ही हात लावू नका, नवमी आहे, मी करतो. तो बौद्ध, त्याला ही पूजा लागू नाही, तेव्हा बरोबरच होतं.

दशरथजी वळले. ते पूजेच्या जागी गेले. वन्संनी माझा दंड धरला आणि हळू आवाजात सांगितलं की वहिनी, यंदा यांच्या घरी पूजेला दुसरं हत्यारच नव्हतं. माग विकल्यापासून ब्रेकचा हा पानाच एक. मी बघत राहिले. दशरथजींनी हळदकुंकवाने माखलेला पाना उचलला, कपाळाला लावला, धोतर वर खोचलं आणि वाळूत गाडीखाली सरकले. त्यांची बायको दारात उभी होती. तिने पदर तोंडाशी धरला आणि आत निघून गेली.

ऊन उतरेपर्यंत ते काम चाललं. मी बिस्किटं आणि चहा नेऊन देत होते, खरं म्हणजे जवळून बघायला मिळावं म्हणून. दशरथजी प्रत्येक डबा पेट्रोलने धूत, पुसत, नाकाशी नेत आणि पुन्हा धूत. दिवेलागणीला शालिकरामने गाडी त्याच उतारावर नेली. या वेळी पुढच्या सीटवर दशरथजी होते. गाडी चांगली उभी राहिली. ते म्हणाले, अजून एकदा. मग अजून एकदा. शेवटी शालिकरामनेच डिझेलचं कारण सांगून त्यांना उतरवलं.

उमरेड, दसरा

पहाटे निघालो. मला काही जायचं कारण नव्हतं, पण मी गेले. वाटेत दशरथजी प्रत्येक गावच्या वेशीला ब्रेक लावून बघायला सांगत होते. एक बैलगाडी आमच्या पुढे गेली, आम्ही तिला मागे टाकलं, ती पुन्हा पुढे गेली. गाडीवान आमच्याकडे फार दयेने बघत होता. माझं कपाळ समोरच्या दांडीवर किती वेळा आपटलं ते मी मोजलं नाही, पण उमरेडला पोचले तेव्हा ब्रेक चालू आहेत याबद्दल माझ्या मनात काही शंका उरली नव्हती.

अंजिराबाई अंगणात खुर्चीवर तयार बसली होती. पांढरं स्वच्छ लुगडं, हातात काठी, आणि सकाळच्या उशिराबद्दल मुलाला ऐकवायची तयारी. शालिकराम तिला उचलायला पुढे झाला. पण दशरथजी गाडीच्या दारात उभे राहिले. मला आधी कळलं नाही. मग लक्षात आलं, सांगणं राहिलं होतं.

त्यांनी टोपी काढली. म्हणाले की या गाडीचा ब्रेक माझ्याकडे आहे, अष्टमीला मी त्याला तेल दिलं, काल गाडी थांबली नाही, वाळूत गेली. आता नव्या पट्ट्या आहेत. बसायचं नसेल तर बसू नका. सगळं एका दमात म्हणाले आणि खाली बघत उभे राहिले.

म्हातारीने काठी जमिनीला टेकवून त्यांना नीट न्याहाळलं.

"तेल काहून देलं गा?"

"माग इकला जी. घरी तेल द्याले दुसरं काही नव्हतं."

तिच्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे जाडंभरडं विणायचे माग होते, हे मला नंतर कळलं. नवमी म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मंग खोललं कोनं?"

"मीच."

"कधी? नवमीले?"

"हो जी. नवमीलेच."

ती पुन्हा त्यांच्याकडे बघत राहिली. मग शालिकरामचा हात बाजूला सारून तिने आपला हात दशरथजींपुढे केला. "चढव मले," ती म्हणाली. आणि पुढच्या सीटवर, त्यांच्या शेजारी बसली.

परतीचा रस्ता मला फारसा आठवत नाही, आठवते ती म्हातारीची बडबड. तिने जावयाच्या तक्रारी सांगितल्या, माझ्या साताऱ्याच्या बोलीला नावं ठेवली, आणि दशरथजींनी ब्रेक तपासायला सांगितला की त्यांना दटावलं, का गा, मले वरातीत मिरवून राहिला का. दशरथजी हसत नव्हते. दोन्ही पाय त्यांनी गाडीच्या फळीवर घट्ट रोवले होते. जणू ब्रेक तिथे होता.

शहरात शिरलो आणि माणसांचा लोंढा दिसू लागला. पांढरे कपडे, निळे झेंडे, कडेवर मुलं, डोक्यावर बोचकी. मैदानाजवळ रस्ता जरासा उतरता आहे. तिथे गर्दी एकदम गाडीपुढे आली. पोलिसाने हात वर केला. शालिकरामने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. आमच्या पुढून एक बाई तान्हं मूल घेऊन सावकाश निघून गेली. तिने वर बघितलंसुद्धा नाही.

अंजिराबाई दशरथजींच्या खांद्याचा आधार घेऊन उतरली. लुगडं सारखं केलं, मैदानाकडे बघितलं, मग वळली.

"थांबली गा, दशरथ," ती म्हणाली.

दशरथजींचा कालपासून कोंडलेला जीव तेव्हा मोकळा झाला. रस्त्यात, गर्दीत, टोपी हातात धरून ते रडले. मलाही रडू आलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. शालिकराम काचेकडे तोंड करून झेंडूची माळ सारखी करू लागला. म्हातारी त्यांचं रडणं होईपर्यंत काठी टेकून थांबली. मग म्हणाली, चल, मला आतपर्यंत ने.

दशरथजी गडबडले. एवढी वर्षं या शहरात, याच माणसांच्या शेजारी राहून ते त्या मैदानात कधी गेले नव्हते. त्यांनी डोळे पुसले, गाडीकडे बघितलं आणि सुचलं ते बोलले.

"मी आलो तर गाडीपाशी कोन राहील जी?"

"ब्रेक लागला ना तुहा?" अंजिराबाई म्हणाली. "मंग ते कुठं जाते? चाल."

त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि तिच्या गुडघ्यांच्या चालीने, पाऊल पाऊल टाकत, दोघं गर्दीत शिरली.